र चा ड

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माहेरी कराडला सगळ्यांना ठाऊक होतं, आता चेन्नईजवळच्या आवडी गावातही ठाऊक आहे. नवरा हेरंब इथल्या संरक्षण कारखान्यात. आम्ही क्वार्टर्समध्ये राहतो आणि मी जवळच्याच शाळेत सातवी ते दहावीला गणित शिकवते. सगळे मला चारू मिस म्हणतात. चारुलता म्हणायला कुणाला वेळ आहे?

माझं तमिळ म्हणजे गंमतच आहे. बोलते फडाफडा, पण चाल कराडची. पोरं हसतात, मीही हसते. वाचता मात्र येत नाही. एक अक्षर नाही! बसचा नंबर आकड्यात असतो, भाजीवालीशी भांडायला लिपी लागत नाही. तेवढ्यावर इतकी वर्षं निघाली आणि ती गोल गोल जिलेबी शिकायची राहूनच गेली. मुलगी रुचा इथेच वाढली. ती तमिळ वर्तमानपत्र वाचते आणि मराठीत अडखळते. आमच्या घरात दोन अर्ध्या माणसांचं मिळून एक शहाणं माणूस होतं.

आता कयलचं सांगते. तिचं पूर्ण नाव कयलविळी, सध्या नववीत. दोन्ही कानांत मशीन आहे, तरी ऐकू फार कमी येतं. ती ओठ वाचते. सातवीत माझ्याकडे आली तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून बोलत होते आणि ही बया शांतपणे उठली, फळ्यापाशी आली आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं. सगळा वर्ग गार!  त्या दिवसापासून माझी पद्धतच बदलली. आधी लिहायचं, मग वळायचं, मग तिच्या बाकासमोर उभं राहून बोलायचं. वेळ जास्त लागायचा, पण खरं सांगू का, सगळ्याच वर्गाला गणित जास्त समजायला लागलं.

तिचं उत्तर बरोबर आलं की माझ्या तोंडून निघायचं, "शाबास पोरी!" चुकलं तरी पोरीच. आमच्या आईचा शब्द आहे तो. रागावली तरी पोरी, जवळ घेतलं तरी पोरी. वर्गात मी इंग्रजी आणि तमिळ कालवते, पण माया आली की मराठीच येते, त्याला मी काय करू?

कयलला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिचे अप्पा गिंडीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. त्यांच्याकडचे यंत्रांच्या भागांचे नकाशे बघून बघून हिला त्यांचं वेड लागलेलं. म्हणजे गणित हवंच. आणि तिला ते येतही होतं. ही पोर पुढे जाणार, अशी मी मनाशी गाठच मारली होती.

या वर्षी जूनमध्ये शाळेत ते सगळं आलं. फळा गेला आणि भिंतभर काचेचा बोर्ड आला. माझ्या साडीला माइक लागला. खिडकीपाशी तिकाटण्यावर कॅमेरा आला. आमच्या संस्थेची तिरुवळ्ळूरच्या पलीकडे एक शाखा आहे, तिथे गणिताला शिक्षकच मिळत नव्हता. आता माझा तास इथून थेट तिकडे दिसणार, आणि तिकडचा वर्ग आमच्या बाजूच्या भिंतीवर. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारली होती. तिच्यावर उभं राहून कॅमेऱ्यात बघून बोलायचं. फुली सोडली की तिकडच्या पोरांना मी दिसायची बंद.

मी आधी नाक मुरडलं. पण पहिल्या दिवशी भिंतीवर ती पोरं दिसली, आणि पहिल्या बाकावरची, दोन रिबिनी बांधलेली एक मुलगी मला हात करायला लागली, तेव्हा राग जरा उतरला. त्यांना गेलं वर्षभर गणित कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्याकडे अशी बघत होती, जशी उपाशी पंगत वाढप्याकडे बघते.

आणि कयलचं काय? तर तिच्यासाठी टॅब. मी जे बोलेन ते त्यावर तमिळमध्ये आपोआप लिहून येणार. आमचे प्रिन्सिपल जयतीर्थ सर म्हणाले, "मिस, आता तुम्हाला सारखं वळायला नको. ती वाचेल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पाय दुखायचे, पोर्शन मागे राहायचा. मी कयलला अंगठा दाखवून विचारलं, चालेल? तिनेही अंगठा दाखवला. एकदा तिच्या टॅबमध्ये डोकावले. जिलेब्या झरझर पळत होत्या. वा, छान चाललंय म्हटलं आणि फुलीवर जाऊन उभी राहिले.

दिवाळीपर्यंत कयल वेगळीच झाली. आधी ती पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेली. मग बोर्डापाशी येऊन गणित सोडवणं बंद झालं. टॅबकडे बघायची, खिडकीबाहेर बघायची, माझ्याकडे नाही. मला वाटलं, वय आहे. आमच्या रुचाने नववीत मला सहा महिने धड उत्तर दिलं नव्हतं.

मग तो बुधवार. दुसऱ्या दिवशी शाळा बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून कंपनीच्या वेंकटने टॅबवरची अक्षरं मोठ्या बोर्डावरही खालच्या पट्टीत चालू केली होती. हा वेंकट म्हणजे ती यंत्रं सांभाळणारा तरुण. तिकडची रिबिनवाली काहीतरी विचारत होती, आवाज तुटत होता, मी कॅमेऱ्यात बघून तिला समजावत होते. तेवढ्यात कयलने हात वर केला. कितीतरी आठवड्यांनी! मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, पण मान न वळवता मी म्हणाले, "पोरी, अप्पुरम्." म्हणजे नंतर बघू गं.

वर्ग खो खो हसला. नेहमीसारखं माझ्या तमिळला हसले असतील म्हणून मीही हसले. चांगली मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी कयल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी जयतीर्थ सरांनी बोलावून सांगितलं की तिच्या घरच्यांनी अर्ज दिलाय. आता ती घरूनच टॅबवर शिकणार, सोमवारी सर त्यावर सही करणार.

"म्हणजे शाळा सोडणार?" मी विचारलं.

"सोडणार कुठे, मिस? कनेक्टेड राहील. हजेरीसुद्धा लागेल."

माझं डोकंच फिरलं. "सर, हजेरी लागेल, पण पोर कुठे लागेल? दहावीचं गणित ती एकटी त्या पाटीवर वाचणार? दोन महिन्यांत सोडून देईल!" ते म्हणाले, पालकांची इच्छा आहे. झालं! पालकांची इच्छा म्हटलं की पुढे बोलायची सोयच नाही.

मी तिथूनच कयलच्या अम्मांना फोन लावला. त्या घरी शिवणकाम करतात, बाई एरवी लोण्यासारखी मऊ. पण आवाज कोरडा ठणठणीत. म्हणाल्या, "तुम्हीच तिला जा म्हणालात ना, मिस? सगळ्यांसमोर. आता कशाला फोन करता?"

मी? मी जा म्हणाले? अहो, मी भांडखोर असेन, पण कुठल्या लेकराला मी वर्गातून कधी घालवलेलं नाही. त्यांनी फोन ठेवला. मी घरी येईपर्यंत नुसती धुमसत होते. एवढा मोठा आरोप, तोही माझ्यावर!

घरी आल्या आल्या लॅपटॉप उघडला. तासांची सगळी रेकॉर्डिंग असतात, खाली ती अक्षरंही असतात. बुधवारचा तास लावला. रुचा शेजारी बसून डोसा खात होती. माझं ते "पोरी, अप्पुरम्" आलं आणि ही फिसकन हसली. मग एकदम थांबली.

"आई, तू हिला पोडी का म्हणतेस?"

"पोडी नाही गं, पोरी म्हणतेय."

"खाली पोडी लिहिलंय." तिने डोसा खाली ठेवला. "तमिळमध्ये पोडी म्हणजे... कसं सांगू... जा गं. म्हणजे, चालती हो. मुलीला म्हणतात."

"आणि अख्खं वाक्य काय झालं?"

"चालती हो, नंतर बघू."

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिला म्हटलं, मागचे तास लाव. जूनपासूनचे लाव. ती वाचत गेली आणि मी ऐकत गेले. मी म्हणाले होते, "पोरी, पुरिंजिदा?" पोरी, समजलं का? खाली लिहिलेलं: चालती हो, समजलं का? एकदा तिचं उत्तर चुकलं, मी म्हणाले, "पोरी, परवाल्ले." असू दे, काही हरकत नाही. खाली काय, तर: चालती हो, काही हरकत नाही. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्या मशीनने माझ्या नावाने त्या लेकराला रोज हाकललं होतं. आणि मी अंगठा दाखवून विचारत होते, चालेल ना?

"वर्गातली मुलं तुझ्या उच्चाराला हसली नाहीत," रुचा हळूच म्हणाली. "याला हसली. बोर्डावर मोठं दिसत होतं ना."

आणि मीही हसले होते. तिच्या डोळ्यांसमोर.

आपल्याकडे ध चा मा केला म्हणतात. एका अक्षराने माणूस मारला म्हणतात. इथे र चा ड झाला. र म्हणताना जीभ नुसती हलते, ड म्हणताना ती टाळ्याला लागते. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांना ऐकवत आले. आता ती एका यंत्राला लागू पडली, आणि भोगलं कुणी? जिला ऐकूच येत नाही तिने.

मी तिथल्या तिथे वेंकटला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मिस, सिस्टिमला तमिळ आणि इंग्लिश येतं. मराठी नाही येत. तुम्ही बाहेरचे शब्द वापरू नका."

"बाहेरचा शब्द? पोरी बाहेरचा शब्द? अरे, आतून येतो तो!"

त्याला बिचाऱ्याला काय कळणार? तो म्हणाला, मी तो शब्द बंद करून टाकतो, त्या जागी तीन फुल्या येतील. म्हणजे उद्यापासून मी तिला माया करणार आणि तिला फुल्याफुल्याफुल्या दिसणार. वा रे सुधारणा! मी फोन आपटला.

रविवारी सकाळी कयलच्या घरी गेले. मार्केटमागच्या गल्लीत, जिना चढून वर. अप्पा कामावर होते, रविवारीही. अम्मांनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि माझ्या त्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. की आमच्या भाषेत पोरी म्हणजे लेक. की माझी आई मला म्हणायची. की मला तुमची लिपी वाचता येत नाही, म्हणून मला दिसलंच नाही. 

 अम्मा तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचेही डोळे भरले. "पोरी," त्या म्हणून बघत होत्या. "पोरी. अय्यो!" मग मला हाताला धरून आत नेलं, शिवणयंत्रावरचे कपडे बाजूला सारून बसायला जागा केली आणि कयलला बोलावलं.

ती आली. भिंतीला टेकून उभी राहिली. टॅब हातात होता, तो मी घेतला आणि पालथा घालून ठेवला. तिच्यासमोर गेले. मशीनचं खोटं उघडं पाडायला मी आले होते, छाती फुगवून. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ, सावकाश म्हणाले, "पोरी."

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मग तिच्या त्या जाड, घासलेल्या आवाजात म्हणाली, "पोडी."

"नाही नाही. पो-री. री."

"पोडी," ती पुन्हा म्हणाली.

शिवणयंत्रामागे भिंतीला लांबट आरसा होता, कपडे अंगाला लावून बघायला. मी त्यात बघून म्हटलं, पोरी. मग म्हटलं, पोडी. ओठ मिटले, गोल झाले, फाकले. पुन्हा म्हटलं. तेच! र आणि ड दोन्ही आत होतात, जिभेवर. बाहेर काही दिसत नाही. ओठांवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

मी तिथेच आरशापुढे खाली बसले. म्हणजे सातवीपासून?

कयल माझ्याजवळ येऊन बसली. ती थांबत थांबत बोलत होती, मध्ये कुठे शब्द घसरला की अम्मा तो उचलून देत होत्या. "मिस, तुम्ही आधीपासून पोडीच म्हणता. मला माहीत आहे."

"मग तेव्हा तुला वाईट नाही वाटलं?"

तिने नाही अशी मान हलवली. "अम्मापण म्हणते. मी मस्करी केली की म्हणते, पोडी! हसून म्हणते." मग तिने दोन्ही हातांनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती गोल केला. "तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात. मला वाटायचं, मिसला मी आवडते, म्हणून पोडी."

तिने पालथ्या टॅबकडे बोट केलं. "यात तुमचा चेहरा नसतो."

  मशीनला शिव्या घालत जिना चढले होते, आणि मशीनने काय केलं होतं? तिला आधीपासून जे कळत होतं तेच लिहिलं होतं. फक्त त्याच्यावरची माया मी काढून कॅमेऱ्याला देऊन टाकली होती. मी तिला जवळ ओढलं आणि रडले. चांगली हमसून हमसून रडले. अम्मा पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि ती पोर आरशात माझं रडणं बघत होती.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. तिने माझी हनुवटी धरली, सातवीत धरली होती तशीच. "वर्गात माझ्याकडे बघून बोलाल?"

"बोलीन," मी म्हणाले. "तू ये."

सोमवारी ती आली. अम्मांनी सरांकडून अर्ज परत मागून घेतला. कयल पहिल्या बाकावर बसली, टॅब दप्तरात ठेवून. मी साडीला माइक लावला, बोर्डावर समीकरण लिहिलं, त्या पिवळ्या फुलीकडे एकदा बघितलं आणि तिथून निघून थेट कयलच्या बाकासमोर जाऊन उभी राहिले. कॅमेऱ्याकडे माझी पाठ. सावकाश बोलले, तिच्याकडे बघून. ती उठली, बोर्डापाशी गेली, आणि गणित सोडवलं. बरोबर सोडवलं. वळून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, वाट बघत.

"शाबास पोरी!"

ती हसली. इतक्या महिन्यांनी हसली ती. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच बाजूच्या भिंतीवरून खरखर झाली आणि आवाज आला. ती रिबिनवाली होती. बाक सोडून पडद्याच्या अगदी जवळ आली होती, मान वाकडी करून मला शोधत.

"मिस," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला दिसत नाही."